तीन वेळा आदेश

वहिनींच्या कॉम्प्युटरवर एक सोय होती. ‘बव’ अशी दोन अक्षरं दाबली की आख्खं वाक्य पडद्यावर उमटायचं : ‘कैद्यास तीन वेळा आदेश देऊनही त्याने तो न पाळल्याने आवश्यक तेवढ्या बळाचा वापर करण्यात आला.’ ‘बव’ म्हणजे बळाचा वापर. महिन्यातून तीन-चारदा तरी हे वाक्य टाइप करावं लागायचं, म्हणून ही सोय त्यांनी स्वतःच करून घेतली होती. शिपाई हाताने लिहिलेला अहवाल घेऊन वर यायचे, टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, “बाकी नेहमीचं घाला, वहिनी.” वहिनी घालायच्या.

मी तुरुंगाच्या त्याच कचेरीत, त्यांच्या समोरच्या टेबलावर आवक-जावक बघतो. येणाऱ्या कागदाला नंबर द्यायचा, जाणाऱ्या कागदाला नंबर द्यायचा, एवढंच माझं काम. आमची खोली मोठ्या दरवाजाच्या वर, पहिल्या मजल्यावर. दोन टेबलं, तीन कपाटं, आणि आतल्या पटांगणात उघडणारी एक खिडकी. अकरा वर्षं आम्ही समोरासमोर बसतोय. वहिनी माझ्याहून अकरा वर्षं जुन्या. आधी त्यांना सगळे टायपिस्टबाई म्हणत. मग त्यांचे धाकटे दीर इथंच शिपाई म्हणून लागले आणि येता-जाता “वहिनी, डबा विसरलात”, “वहिनी, दादाचा फोन आलाय” असं चालू झालं. हळूहळू सगळा तुरुंगच त्यांना वहिनी म्हणायला लागला. जेलरसाहेबसुद्धा. मग दिराचं नावही आपोआपच भाऊजी पडलं. दोघांचं चांगलं जमायचं. स्टाफ क्वार्टर्समध्ये त्यांची घरं एकाच जिन्यावर. भाऊजी एकटे, त्यामुळे रविवारचं जेवण वहिनींकडे ठरलेलं.

मंगळवारी आमच्याकडे बायंडर यायचा. पन्नाशी ओलांडलेला कैदी. आत येऊन त्याला चौदा वर्षं झाली होती. कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही, वहिनींनीही नाही. बाहेर असताना तो छापखान्यात पुस्तकं शिवायचा, म्हणून आमची फाटकी रजिस्टरं शिवायचं काम त्याला मिळालं होतं. कपाटाशेजारी स्टुलावर बसून मान खाली घालून शिवत राहायचा. वहिनींनी एकदा त्याला पाठीमागून हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. त्याने वळूनही पाहिलं नाही. वहिनी उठून त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा तो ओशाळून उठला.

“माफ करा, बाई. उजवा कान लहानपणापासूनच बंद आहे. डाव्याला मशीन आहे, पण बॅटरी संपत आलीय.”

तेव्हापासून वहिनी त्याच्याशी बोलायचं तर उठून पुढ्यात जायच्या, त्याच्या तोंडाकडे बघत सावकाश बोलायच्या. त्याला त्या ‘तुम्ही’ म्हणायच्या. तुरुंगात कैद्याला तुम्ही म्हणणारं दुसरं कुणी मला तरी माहीत नाही.

बॅटरीचा अर्ज त्यांनीच त्याला लिहून दिला. मी त्याला नंबर दिला, दोन हजार दोनशे सतरा, आणि तो भांडाराकडे पाठवला. भांडाराने शेरा मारला : ‘सदर वस्तू यादीत नाही, वैद्यकीय विभागाकडे पाठवावे.’ वैद्यकीय विभागाने शेरा मारला : ‘औषध नाही, भांडाराने द्यावे.’ दोन महिन्यांत तो कागद माझ्या टेबलावरून चार वेळा गेला. प्रत्येक वेळी मी त्याला इमाने-इतबारे तारीख घातली. आता कुणी विचारलं की तू काय केलंस, तर मला एवढंच सांगता येतं.

एका बुधवारी दोन नंबरच्या बराकीत झडती होती. त्या दिवशी तिकडचे दोन शिपाई रजेवर होते, म्हणून दुसऱ्या बराकीतून भाऊजींना तिकडे पाठवलं. झडतीची पद्धत ठरलेली. बराकीतल्या एकेका कोठडीचं दार उघडायचं, उंबऱ्यावरून सांगायचं, ‘बाहेर ये, भिंतीकडे तोंड करून उभा राहा.’ तीन वेळा सांगायचं. नाही आला तर चौघांनी आत जायचं. बायंडर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तीनही आदेश त्याच्या पाठीला दिले गेले. तो हलला नाही. चौघं आत गेले. अचानक अंगावर हात पडल्यावर तो घाबरून झटापट करायला लागला. त्याला पालथा पाडला, हात मागे घेतले आणि त्यात उजवं मनगट मोडलं.

दुपारी अहवाल वर आला. अक्षर भाऊजींचं. खाली नेहमीप्रमाणे ‘बाकी नेहमीचं’.

वहिनींनी अहवाल वाचला. कैद्याचा नंबर पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हा आपला बायंडर आहे.”

मी उठून कागद बघितला. तोच होता.

त्या कागद घेऊन जेलरसाहेबांच्या खोलीत गेल्या. मधलं दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“साहेब, ह्याला ऐकू येत नाही.”

“कुणाला?”

“ज्याचा हात मोडला त्याला. बॅटरीचा अर्ज पडून आहे दोन महिने.”

“मग?”

“मग ‘तीन वेळा आदेश देऊनही पाळला नाही’ असं कसं लिहायचं?”

जेलरसाहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. चारशे माणसांच्या जागेत नऊशे माणसं सांभाळायची म्हणजे माणूस थकणारच. ते म्हणाले, “वहिनी, आदेश दिला की नाही?”

“दिला.”

“पाळला?”

“नाही.”

“झालं तर. नियमात ‘आदेश द्यावा’ असं आहे. ‘ऐकू यावा’ असं कुठं लिहिलंय ते दाखवा, मी आत्ता बदलतो.”

वहिनींना दाखवता येईना. नियम त्यांना पाठ होते आणि तसं खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. त्या परत आल्या, खुर्चीवर बसल्या. मग टाइप करायला लागल्या. नेहमीचं वाक्य घातलं. मला वाटलं, संपलं. पण कागद छापून नंबरासाठी माझ्याकडे आला तेव्हा मी पाहिलं, की वर ‘संदर्भ’ म्हणून जी ओळ असते, जी कुणीही वाचत नाही, तिथे एक ओळ वाढली होती : ‘आवक क्र. २२१७, श्रवणयंत्राच्या बॅटरीबाबत अर्ज.’

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या कपाटात काहीतरी शोधत होत्या, किंवा शोधल्यासारखं करत होत्या. मी नंबर दिला. जेलरसाहेबांनी संध्याकाळी बाकीच्या दहा-बारा कागदांबरोबर त्यावरही सही केली आणि अहवाल मुख्यालयात गेला.

सात महिने काही झालं नाही. बायंडरच्या हाताचं प्लास्टर निघालं, पण मनगट वाकडं जुळलं. सुई धरता येईना. मंगळवारी यायचं त्याचं बंद झालं. रजिस्टरं पुन्हा फाटायला लागली.

मग मुख्यालयातून एक पत्र आलं. ‘संदर्भात नमूद आवक क्र. २२१७ ची प्रत तात्काळ सादर करावी.’ म्हणजे मुख्यालयातही कुणीतरी होतं, जे संदर्भ वाचायचं. ते कोण, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

जेलरसाहेब पत्र हातात घेऊन आमच्या खोलीत आले. “हे कुणी घातलं?”

“मी,” वहिनी म्हणाल्या. “खाली सही तुमची आहे.”

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, “मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं होतं, साहेब.”

चौकशी लागली आणि भाऊजींना जबाबाला बोलावलं. त्या रविवारी ते जेवायला आले, पण ताटावर बसले नाहीत. हे मला वहिनींनी सोमवारी सांगितलं, टाइप करता करता, वर न बघता.

“म्हणाले, वहिनी, तुम्ही माझ्याच अहवालाला टाचणी लावलीत.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, भाऊजी, तुमच्या नाही, माझ्या वाक्याला लावली. तर म्हणाले, नोकरी तुमच्या वाक्याची जाणार नाहीये, माझी जाणार आहे. टेबलावर बसून लिहिणं सोपं आहे. चौघं आत गेल्यावर कुणाचा हात कुठं आहे हे कळत नाही. मला कुठं माहीत होतं तो बहिरा आहे म्हणून.” वहिनींनी ओळ संपवली. “ते खरंच आहे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. रोज एका जिन्याने वर-खाली करतो आम्ही.”

त्यांचे मिस्टर पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला होते. शांत माणूस. त्यांनी भावाची बाजू घेतली नाही आणि बायकोचीही नाही. “दोघांनी आपापसात मिटवा,” एवढं बोलून पंपावर निघून गेले. भाऊजींचं रविवारचं येणं मात्र थांबलं.

चौकशीचा निकाल लागला : कुणीही दोषी नाही, सर्व काही नियमाप्रमाणे झालेलं आहे. आणि शेवटी एक ओळ : ‘तथापि, बळाच्या वापराबाबतच्या नियमांचा फेरविचार होणे इष्ट.’ त्या ‘इष्ट’मधून समिती निघाली. पाच जण. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, एक डॉक्टर, मुख्यालयातले एक उपसचिव, शिपायांच्या संघटनेचे पुढारी आणि आमचे जेलरसाहेब. इतिवृत्त लिहायला कुणी तयार होईना, म्हणून ते काम वहिनींकडे आलं. त्यांना वाटलं, आता सहा महिन्यांत नियम बदलेल. मलाही वाटलं.

बैठक दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ठरली होती. पहिल्या दीड वर्षात अठरा गुरुवार आले आणि नऊ बैठका झाल्या. एकदा डॉक्टर परगावी, एकदा उपसचिवांना दुसरी बैठक, एकदा खोलीची किल्लीच सापडली नाही. पहिल्या चार बैठका ‘बळ’ म्हणजे काय यावर गेल्या. दंडाला धरणं हे बळ की नुसतं धरणं? ढकलणं बळ, पण वाट दाखवण्यासाठी पाठीवर हात ठेवला तर? डॉक्टर म्हणाले, खूण उठली तर बळ. पुढारी म्हणाले, मग काही माणसांच्या अंगावर नुसती टिचकी मारली तरी खूण उठते. हे सगळं वहिनी शब्दन् शब्द लिहून काढायच्या. ‘पुढच्या वेळी बघू’ असं कोण कितीदा म्हणालं, तेही लिहायच्या. तिसऱ्या बैठकीत उपसचिव इतिवृत्त चाळत म्हणाले, “बाई, एवढं सगळं कशाला लिहिता? थोडक्यात लिहा, ‘सविस्तर चर्चा झाली’.”

“चर्चा झाली असती तर लिहिलं असतं, साहेब,” वहिनी म्हणाल्या. अध्यक्ष खोकले. बहुधा हसू आवरायला.

पुढाऱ्यांना मात्र उडवून लावता येत नव्हतं. ते स्वतः वीस वर्षं शिपाई होते. कानापासून हनुवटीपर्यंत एक जुना व्रण होता, घासून धार केलेल्या चमच्याचा. ते म्हणाले, “दार उघडल्यावर आमच्याकडे पंधरा सेकंद असतात. तेवढ्यात त्याची विचारपूस करायची की स्वतःचा जीव सांभाळायचा?”

अध्यक्षांनी विचारलं, “पंधराच सेकंद का असतात?”

“म्हणजे?”

“आग लागली असेल, कुणी कुणाचा गळा धरला असेल, तर पंधरा सेकंद. झडतीच्या वेळी घाई कुणाची असते?”

पुढारी म्हणाले, “वरच्यांची. बारापर्यंत सगळी बराक संपवायची असते.”

वहिनींनी तेही लिहिलं. जेलरसाहेबांनी ते खोडायला सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, राहू दे.

बैठकीत बोलायचा अधिकार वहिनींना नव्हता. इतिवृत्त लिहिणाऱ्याने लिहायचं, बोलायचं नाही. हे त्यांना जड जायचं. परत आल्या की वही आपटायच्या आणि मला सगळं ऐकवायच्या. “आज पुन्हा पाठीवरचा हात,” म्हणायच्या. एक दिवस म्हणाल्या, “चल, रेकॉर्ड रूमची किल्ली घे.” तीन आठवडे, रोज दुपारच्या सुटीत, आम्ही दहा वर्षांचे अहवाल काढून बसलो. धुळीने माझा घसा बसला. बळाच्या वापराचे एकूण अहवाल चारशे एकतीस. त्यातल्या चारशे सहांमध्ये तेच वाक्य, स्वल्पविरामासकट. उरलेल्या पंचवीसमध्ये काय आहे म्हणून बघितलं, तर ते वहिनी बाळंतपणाच्या आणि आजारपणाच्या रजेवर असतानाचे होते. तेव्हा टाइप करणाऱ्याकडे ती सोय नव्हती.

हा आकडा त्यांनी पुढच्या इतिवृत्ताला जोडपत्र म्हणून लावला. जोडपत्र वाचून दाखवायचा नियम आहे. त्यांनी वाचलं.

जेलरसाहेब म्हणाले, “परिस्थिती एकसारखी असली की वाक्यही एकसारखं येणार.”

“चारशे सहा वेळा?” अध्यक्ष म्हणाले. मग वहिनींकडे वळले. “बाई, हे वाक्य मुळात कुणाचं?”

“माझं, साहेब,” वहिनी म्हणाल्या. “दोन अक्षरं दाबली की येतं. खरं काय झालं ते मला कुणी सांगत नव्हतं, आणि मी विचारत नव्हते.”

त्या संध्याकाळी परत येऊन त्यांनी ती सोय कॉम्प्युटरवरून काढून टाकली. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला. राग होता, पण कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. म्हणाल्या, “दहा वर्षं. चारशे सहा माणसं. आणि मला वाटायचं मी फक्त टाइप करते.”

अध्यक्षांनी मग शिपायांना बोलावलं, जे झालं ते त्यांच्या तोंडून ऐकायला. अकरा जण आले. अकराही जण म्हणाले, नियमाप्रमाणे झालं. एकाने तर ते नेहमीचं वाक्यच घडाघडा म्हणून दाखवलं. बारावे भाऊजी. वहिनी समोर वही घेऊन बसलेल्या. दहा महिने दोघं जिन्यावर भेटले तरी धड बोलत नव्हते.

भाऊजी उभेच राहिले. म्हणाले, “त्याचा उजवा हात माझ्याकडे होता. धरायचा तसाच धरला, शिकवलाय तसा. तो ओरडत होता, पण काय ते मी ऐकलं नाही. मी ऐकत नव्हतो आणि त्याला ऐकू येत नव्हतं. तो उठत का नाही, असा प्रश्न मला दारातच पडला होता. पण विचारायला नियमात जागा नव्हती, आणि विचारलं असतं तर साहेब म्हणाले असते, वेळ घालवतोस. म्हणून नाही विचारलं. तेवढं विचारायची जागा करा. मला दुसरं काही सांगायचं नाही.”

वहिनींनी ते लिहून घेतलं. त्या वहीवर त्या दिवशीचं अक्षर शेवटी शेवटी लावता येत नाही. त्या दिवसाचं टाइपिंग त्यांनी माझ्याकडे दिलं, ते मी त्यांना विचारून विचारून पुरं केलं.

पुढच्या रविवारी भाऊजी जेवायला आले. आणि त्याच महिन्यात त्यांची बदली झाली. कारवाई वगैरे काही नाही, ‘प्रशासकीय कारणास्तव’. दूरच्या शेती-तुरुंगाच्या बाहेरच्या चौकीवर, जिथे जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. वहिनी जेलरसाहेबांकडे गेल्या. जेलरसाहेबांनी हात वर केले. म्हणाले, आदेश वरून आलाय. आणि मला वाटतं, ते खरं सांगत होते.

त्याच सुमारास बायंडर सुटला. सुटकेच्या कागदांवर अंगठा किंवा सही घ्यायला त्याला वर आणलं. त्याने डाव्या हाताने, एकेक अक्षर ओढत सही केली. वहिनी त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, “तुमच्यावरून नियम बदलताहेत.”

“माझ्यासाठी?”

“नाही. पुढच्यांसाठी.”

त्याने थोडा विचार केला. “मग लवकर करा, बाई. आत पुष्कळ जण आहेत,” म्हणाला, आणि शिपायाच्या मागोमाग जिना उतरून गेला. वहिनी खिडकीशी उभ्या राहिल्या, पण आमची खिडकी आतल्या बाजूची. बाहेर पडणारा माणूस तिथून दिसत नाही.

मसुदा झाला तो चांगला होता. मी स्वतः वाचलाय. बळ वापरण्यापूर्वी आदेश कैद्याला ऐकू आला आणि समजला याची खात्री करावी. तातडीचा धोका नसेल तर निदान दहा मिनिटं थांबून बोलावं. आत गेलेल्या प्रत्येक शिपायाने स्वतंत्र अहवाल, स्वतःच्या शब्दांत, लिहावा. तासाभरात डॉक्टरने कैद्याला तपासावं. ज्यांना ऐकायला, बघायला किंवा समजायला अडचण आहे, त्यांची नोंद कोठडीच्या दारावर असावी. पाच कलमं. पुढाऱ्यांनीही सही केली. म्हणाले, “दहा मिनिटं मिळाली तर आमच्या पोरांचेही हात-पाय वाचतील.”

मसुदा मुख्यालयात गेला आणि तिथे अकरा महिने बसला. वहिनी दर सोमवारी फोन करायच्या. फाइल विधी शाखेत आहे, फाइल परत आलीय, फाइल सापडत नाही, फाइल सापडली, साहेब रजेवर आहेत. मी ह्या फोनांचीही नोंद ठेवली होती. बेचाळीस भरले.

शेवटी मंजुरीची प्रत आली. वहिनींनी वाचायला घेतली आणि पहिल्याच कलमाशी थांबल्या. पेन्सिल घेऊन एका शब्दाभोवती गोल काढला. पुढच्या कलमात पुन्हा गोल. पाच कलमांत पाच. ‘आदेश शक्यतो ऐकू आला व समजला याची खात्री करावी.’ ‘शक्यतो दहा मिनिटे थांबावे.’ ‘शक्यतो स्वतःच्या शब्दांत.’ ‘शक्यतो तासाभरात.’ ‘शक्यतो दारावर.’

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या मुख्यालयात गेल्या. मला म्हणाल्या, तूही चल, कागद धरायला. उपसचिवांनी आम्हाला दोन तास बाहेर बसवलं, मग आत बोलावलं.

“साहेब, हा शब्द समितीने घातलेला नव्हता.”

“बाई, तो आम्ही घातला. अहो, काही ठिकाणी डॉक्टरच नसतो. मग नियमभंग कुणावर लावायचा? शक्यतो घातलं की नियमही राहतो आणि माणूसही अडकत नाही.”

“अडकत नाही म्हणजे पाळतही नाही.”

“शक्यतो पाळेल,” ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर किंचित हसले. वहिनी हसल्या नाहीत.

“चार तुम्ही ठेवा,” त्या म्हणाल्या. “पहिल्या कलमातला काढा. डॉक्टर नसेल, दारावर लावायला कागद नसेल, सगळं कबूल. पण समोर जाऊन ‘ऐकू येतंय का’ विचारायला काय लागतं? त्यात शक्य नसण्यासारखं काय आहे?”

उपसचिवांनी कागद ओढून घेतला, पुन्हा वाचला. चष्मा काढला, घातला. मला वाटलं, आता म्हणणार, पुढच्या वेळी बघू. ते म्हणाले, “एकाच शब्दासाठी फाइल पुन्हा वर पाठवू?”

“पाठवा. मी दर सोमवारी फोन करेन.”

अजून तीन महिने गेले. पण पहिल्या कलमातला ‘शक्यतो’ गेला. बाकीचे चार जागेवर आहेत. बायंडरचं मनगट मोडलं त्या बुधवारपासून नवा नियम लागू झाला त्या दिवसापर्यंत चार वर्षांत दोन महिने कमी.

सुधारलेली प्रत आली त्या दिवशी मी म्हटलं, “निदान एक तरी काढला, वहिनी.”

“पाचातला एक,” त्या म्हणाल्या, आणि प्रत फाइलला लावली.

नवे अहवाल यायला लागले. पहिले दोन-तीन बरे होते. एका शिपायाने शुद्धलेखनाच्या चुका करत करत पानभर लिहिलं होतं, की कैदी उठत नव्हता म्हणून मी आत जाऊन समोर बसलो, तर त्याच्या पायात गोळा आला होता, पाय चोळून दिला, मग तो आला, बळ वापरलं नाही. वहिनींनी तो अहवाल मला दोनदा वाचायला लावला. मग पाचवा आला, सहावा आला, आणि त्यांत लिहिलं होतं : ‘कैद्यास आदेश ऐकू आला व समजला याची खात्री करण्यात आली.’ सातव्यात तेच. आठवा आणणारा शिपाई टेबलाशी उभा राहून म्हणाला, “बाकी नवीन नेहमीचं घाला, वहिनी.”

वहिनींनी तो कागद त्याच्या हातात परत दिला. “खात्री कशी केलीत, ते लिहून आणा.”

“म्हणजे?”

“समोर गेलात का? काय विचारलंत? तो काय म्हणाला? ते लिहा.”

शिपाई कुरकुरत गेला. जेलरसाहेबांकडे तक्रार गेली, की टायपिस्ट अहवाल परत पाठवते. त्यांनी वहिनींना बोलावून सांगितलं, “हा तुमचा अधिकार नाही.” वहिनी म्हणाल्या, “मग तसं लेखी द्या.” त्यांनी दिलं नाही. तेव्हापासून हे असंच चाललंय. त्या परत पाठवतात, शिपाई चिडतात. काही जण खोटं लिहून आणतात, आणि ते खोटं आहे हे वाचताक्षणी कळतं. काही जण मात्र, पुन्हा जिना चढायचा कंटाळा म्हणून का होईना, आधीच समोर जाऊन विचारतात. ते किती, हे मी मोजलेलं नाही. गेल्या वर्षी बळाच्या वापराचे अहवाल एकतीस होते, आधी चाळिशीच्या घरात असायचे. जेलरसाहेब म्हणतात, हा योगायोग आहे. असेलही.

भाऊजी अजून त्या चौकीवरच आहेत. महिन्यातून एकदा येतात, दोन गाड्या बदलून. आले की वहिनींकडे जेवतात आणि दुपारी झोपतात. त्यांच्या परत-बदलीसाठी वहिनींनी तीन अर्ज केले. तिन्ही ‘विचाराधीन’ आहेत. परवा त्यांनी चौथा टाइप करायला घेतला. दुसऱ्या ओळीवर थांबल्या आणि मला विचारलं, “विनंती आहे, असं लिहू की नुसतंच मागू?”

“नुसतंच मागा,” मी म्हटलं.

त्यांनी तसंच लिहिलं.